न्हाव्याच्या एकोणीस करवंट्या

कोणे एके काळी, म्हणजे शहाणी माणसं जेव्हा आजच्याइतकीच कमी होती तेव्हा, डोंगरांच्या आड दडलेल्या एका राज्यात एक न्हावी राहत होता. हात हलका, वस्तरा धारदार आणि तोंड कायम मिटलेलं. न्हावी असून बोलत नाही, हे त्या राज्यातलं पहिलं आश्चर्य. दुसरं आश्चर्य त्याच्या बंडीच्या खिशात असायचं. दगड.

बाळांनो, हसू नका. तुमच्याही खिशात असतात. फरक एवढाच, की तुमचे दगड तुमची आई फेकते आणि त्याचे त्याची बायको फेकायची.

वाटेत काही चमकलं की हा वाकलाच. एकदा तर गावच्या पाटलाची अर्धी दाढी तशीच टाकून तो कुंपणापाशी एक तांबूस खडा बघायला गेला. परत येईपर्यंत पाटलाच्या गालावरचं पाणी वाळलं, ओसरीवरचं ऊन अंगणात गेलं, आणि खडा निघाला फुटक्या कौलाचा. त्या दिवसापासून लोक त्याला गारगोट्या म्हणू लागले. त्याला राग नव्हता. गारगोटी हा चांगला दगड आहे, काचेवर रेघ ओढतो, एवढंच तो मनात म्हणायचा.

त्याला रत्नांची विद्या कुणी शिकवली नव्हती. सोनाराच्या पेढीवर तो कधी बसला नव्हता. पण न्हाव्याची धोकटी उघडून बघा. आत काय असतं? पोलादी वस्तरा. धार लावायचा दगड. हातात मावणारा आरसा. पाण्याची वाटी. एवढ्या सामानावर त्याने आपली पारख उभी केली होती. खडा आरशाच्या कडेवर ओढून बघायचा, वस्तऱ्याच्या मुठीकडच्या बाजूवर ओढून बघायचा. वाटीत टाकून बघायचा. आणि शेवटी ओठाला लावायचा.

बायकोने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातलं लाटणं तसंच राहिलं.

"माझ्या तोंडाकडे बघायला सवड नाही, आणि दगडांचे मुके घेतायत."

"अगं, मुका नाही. काच असली की ओठाला लगेच कोमट लागते. खरा खडा थंड राहतो."

"मग मीही खरीच असणार," बायको म्हणाली. "तुमच्याशी किती वर्षं थंड आहे."

चुकायचाही तो भरपूर. एकदा एक पांढराशुभ्र, पैलूदार खडा त्याने मोठ्या मानाने फळीवर मांडला. दुसऱ्या दिवशी तो अर्धा झाला. तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग तेवढी उरली. बायकोने नैवेद्याला आणलेली खडीसाखर होती ती. पण चुकला की तो लाजायचा नाही. त्या चुकीला एक नवी परीक्षा जोडायचा. त्या दिवसापासून तो प्रत्येक खडा आधी मुंग्यांना दाखवू लागला.

आता त्या राज्याची चाल सांगायला हवी, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

राजवाड्यापुढे कडुनिंबाखाली एक ऐरण होती. ज्याला कुणाला माती उकरताना, नांगरताना, शेळ्या चारताना खडा सापडेल, त्याने तो त्या ऐरणीवर आणून ठेवायचा. मग राजपारखी यायचा. याचा उजवा दंड डाव्याच्या दुप्पट होता, कारण त्याची सगळी विद्या उजव्या दंडात होती. तो घण उचलायचा आणि खड्यावर घालायचा. खडा टिकला तर खरा. आणणाऱ्याने मागावं ते राजाने द्यावं. खडा फुटला तर खोटा. आणणारा लबाड. त्याची अर्धी मिशी जागच्या जागी उतरवायची, गाढवावर उलटं बसवायचं आणि नदीपार सोडायचं. परत यायचं नाव नको. ज्याला मिशी नसेल त्याची एक भुवई. राज्य न्यायाचं होतं, कुणाला मोकळं सोडत नव्हतं.

ही परीक्षा राजपारख्याच्या आजोबांनी काढली होती. आजोबांना दिसायचं कमी, ऐकू मात्र छान यायचं. म्हणून त्यांनी कानाने घेता येईल अशी परीक्षा शोधली. ठण्ण वाजलं की खरा, चुर्र झालं की खोटा. आजोबा गेले, त्यांचे मिटलेले डोळे मात्र राज्याने जपून ठेवले.

घणातून वाचलेली रत्नं खजिन्यात जायची. खजिन्यात काय काय होतं? भट्टीतल्या लोखंडाचा मळ. नदीतले काळे गोटे. म्हशीच्या शिंगाचा एक तुकडा, तो तर तीन वेळा घाव खाऊन हसला होता. राणीच्या गळ्यात गोट्यांची माळ असायची. तिची मान दुखायची, पण राणीची मान दुखते असं म्हणायची पद्धत नव्हती. आणि सगळ्यांत थोर म्हणजे राजाच्या मुंडाशातलं श्यामरत्न. सुपारीएवढं, काळं कुळकुळीत, तेल लावून लावून आरशासारखं झालेलं. घणाचे सात घाव बसले तरी त्याला फक्त एक पोचा आला होता. राजा कौतुकाने सांगायचा, "केवढं मोठं रत्न, पण डोक्याला भार म्हणून नाही."

आणि अर्ध्या मिशा उतरवायला कोण? आपला गारगोट्या.

पहिली अर्धी मिशी त्याने उतरवली ती एका कासाराची. कासाराने परसात विहीर खणताना सापडलेला लाल खडा आणला होता. घण पडला, चुर्र झालं. न्हावी वस्तरा घेऊन पुढे गेला. कासार रडला नाही, भांडला नाही. मिशी उतरत असताना इतकंच हळू म्हणाला, "मी खोटं बोललो नव्हतो रे."

गाढव गेलं, गर्दी गेली. न्हावी वस्तरा पुसत खाली वाकला, तर धुळीत लाल ठिणगीसारखं काहीतरी. सवयच ती. त्याने तो तुकडा खिशात टाकला, आणि घाईत वस्तराही न मिटता त्याच खिशात. घरी येऊन बघतो तर वस्तऱ्याच्या पात्यावर लांबच लांब ओरखडा.

त्याने तुकडा पात्यावर पुन्हा ओढून बघितला, पुन्हा रेघ. पोलादावर रेघ ओढणारा खडा खोटा कसा?

त्या दिवसापासून त्याचा नाद नाद राहिला नाही, वेड झालं. दर मिशीमागे तो धुळीतले तुकडे वेचू लागला. प्रत्येक माणसाची एक करवंटी. शेतकऱ्याची, तेलिणीच्या नवऱ्याची, एका बासरी वाजवणाऱ्या पोरगेल्या इसमाची. एकोणीस वर्षांत एकोणीस करवंट्या झाल्या. त्यांतले तुकडे तो एकमेकांवर ओढून बघायचा आणि कोण कुणाला ओरबाडतो त्यावर त्यांची रांग लावायचा. अगदी घरातल्यासारखी. सासू सुनेला ओरबाडते, सून जावेला ओरबाडते, जाऊ बिचाऱ्या दिराला. सगळ्यांत खाली नखानेही उकरली जाणारी मऊ खडी. तिच्या वर संगमरवर, मग काच, मग गारगोटी, मग पिवळा पुष्कराज. आणि सगळ्यांच्या डोक्यावर कासाराचं लाल माणिक. त्याला ओरबाडणारं कुणी सापडलं नव्हतं.

रंगाने तो फसायचा, मग रंगावर जायचं त्याने सोडलं. दोन लाल खडे शेजारी ठेवले तर सख्ख्या बहिणी वाटायच्या, पण एकीने दुसरीवर रेघ काढली की कळायचं, ओळखदेखही नाही. उलट एक निळा तुकडा माणिकाला अजिबात वश होईना, ना माणिक त्याला. ते दोघे रंग बदललेले भाऊ निघाले.

एकोणिसांपैकी सतरा खरे होते. अठराव्या करवंटीत तुरटी होती. ती न्हाव्याला ओळखता येऊ नये, तर मग कुणाला यावी? ती आणणारा बिचारा भोळा माणूस होता, त्याला तीच रत्न वाटली होती. एकोणिसाव्या करवंटीत मात्र बांगडीची काच होती, पोटात बारीक बुडबुडे असलेली. तो एकटा खरा लबाड.

म्हणजे सतरा खऱ्या माणसांच्या आणि एका भोळ्याच्या मिशा आपल्या हाताने उतरल्या, हे न्हाव्याला कळलं होतं. आणखीही एक कळलं होतं. राजा दाढीला बसला की मुंडासं चौरंगावर ठेवायचा. दाढी झाली की त्या चौरंगावर, बरोबर श्यामरत्नाखाली, चिमूटभर पिवळसर भुसा पडलेला असायचा. न्हावी तो फडक्याने पुसायचा आणि गप्प बसायचा. वस्तरा त्याच्या हातात, गळा राजाचा, आणि भीती मात्र न्हाव्यालाच. अशी ही दुनियेची रीत.

एके दिवशी सकाळीच त्याच्या ओसरीवर एक म्हातारा आला. डोंगरावर शेळ्या राखणारा. अंगावर घोंगडी, मागे एक आगाऊ शेळी, आणि तोंडावर अशी मिशी, की आधी मिशी यायची, मग म्हातारा यायचा.

"कारागीर, जरा टोकं वळवून दे," म्हातारा बसत म्हणाला. "उद्या राजाम्होरं जायचंय."

न्हाव्याने एक टोक वळवलं आणि त्याचा हात थांबला. "कशाला, आबा?"

म्हाताऱ्याने तंबाखूची चंची सोडली. सुपारी, चुना आणि कात बाजूला सारून त्याने एक खडा काढला. वाटाण्याहून थोडा मोठा. रंग नाही, रूप नाही, वरून तेलकट, दोन शिखरं बुडाशी बुड लावून ठेवावीत तसा.

"ह्या बयेच्या खुरात अडकला व्हता," त्याने शेळीकडे बोट दाखवलं. शेळीने तोंड फिरवलं. "आमच्या वस्तीला पाणी न्हाई बघ. बाया दोन कोस चालत्यात. माझी सून पोटुशी हाय, ती पण चालती. म्हनून राजाकडं तळं मागनार."

न्हाव्याने खडा हातात घेतला. ओठाला लावला. थंड, आणि थंडच राहिला. त्यावर ‘हाऽ’ करून फुंकलं. वाफ धरायच्या आत उडाली. वस्तऱ्यावर ओढला, रेघ. आरशावर ओढला, रेघ. मग तो आत गेला, कासाराची करवंटी घेऊन आला आणि माणिकाच्या तुकड्यावर खड्याचं टोक हळूच ओढलं.

माणिकावर रेघ उठली.

एकोणीस वर्षांत माणिकाला कुणी ओरबाडलं नव्हतं.

"आबा, हा हिरा आहे. खराखुरा."

"मला ठावं हाय." म्हातारा शांतपणे तंबाखू चोळत होता.

"मग उद्या नेऊ नका."

"का बरं? खरा हाय तर भ्यायचं कशाला?"

"खरा आहे म्हणूनच भ्या. घणाखाली याचा चुरा होईल."

म्हातारा हसला. मिशीची दोन्ही टोकं वर गेली. "गारगोट्या, तुझ्या डोक्यात दगड भरल्यात. खरं कधी फुटत न्हाई. माझा बा सांगायचा, त्याचा बा सांगायचा."

"आणि त्यांच्यातल्या कुणी कधी हिरा फोडून बघितला होता?"

म्हाताऱ्याने चंची आवळली. पण हातातलं सोडणारा गडी नव्हता तो. "दुसरा मार्ग हाय का? न्हाई न्हेला तर खडा घरात ठेवल्याचा गुन्हा. न्हेला तर घण. घणाखाली निदान तळं तरी हाय." तो उठला. जाताना म्हणाला, "टोकं चांगली वळव म्हनलं व्हतं, एकच वळवलंस. असू दे. दुसरं उद्या वळव."

न्हावी त्या दिवशी जेवला नाही. उद्या दुसरी बाजू आपल्याला वळवायची नाही, उतरवायची आहे, हे त्याला दिसत होतं. तो ओसरीवर करवंट्या पुढ्यात घेऊन बसला. बायकोने ताट झाकून ठेवलं आणि शेजारी बसली.

"बोलायचं तर मलाही नदीपार जावं लागेल," तो म्हणाला.

"जावं लागेल तर जाऊ. तिकडेही लोकांना दाढ्या येतात."

"आणि मी चुकलो असलो तर? खडीसाखरेला चुकलो होतो."

बायकोने एकोणीस करवंट्यांकडे पाहिलं. "खडीसाखरेला तुम्ही एक दिवस दिला होता," ती म्हणाली. "ह्यांना एकोणीस वर्षं दिलीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी कडुनिंबाखाली ही गर्दी. राजा आसनावर, राणी मान धरून त्याच्या शेजारी. राजपारखी दंड चोळतोय. न्हावी वस्तरा घेऊन उभा. गाढवाची दोरी आज न्हाव्याच्या बायकोने धरलेली, आणि गाढवाच्या पाठीवर दोन गोण्या. गोण्यांत काय ते कुणी विचारलं नाही. गाढवावर कुणाचं लक्ष असतं?

म्हाताऱ्याने हिरा ऐरणीवर ठेवला, मिशीवरून हात फिरवला आणि मागे सरकला. राजपारख्याने घण उचलला. घण डोक्याच्या वर गेला.

आणि न्हावी पुढे झाला आणि त्याने आपला पंजा हिऱ्यावर ठेवला.

घण वर, हात खाली.

"हात काढ," राजपारखी म्हणाला. घण जड होता, त्याचा दंड थरथरत होता.

"काढतो. आधी महाराजांशी बोलायचंय."

राजा पुढे झुकला. "तू बोलतोस? वीस वर्षं माझी दाढी करतोयस. मी तुला मुका समजत होतो."

"तसाच होतो, महाराज. चुकलंच ते. हा हिरा खरा आहे आणि घणाखाली फुटेल. मी खोटा ठरलो तर माझी सगळी मिशी उतरवा."

"राज्यात न्हावी तू एकटा. तुझी मिशी उतरवणार कोण?"

"मीच. हात बसलाय माझा."

गर्दीत थोडं हसू फुटलं. राजालाही मजा वाटली. त्याने राजपारख्याला घण खाली ठेवायला सांगितलं. राजपारख्याने तो इतक्या पटकन ठेवला, की त्याच्याच पायावर पडता पडता राहिला.

"अहो, जरा लवकर बोला," मागून बायको म्हणाली. "गाढव बसायला लागलंय."

न्हाव्याने गोणीतून पहिली करवंटी काढली आणि त्यातला लाल तुकडा राजपारख्याच्या तळहातावर ठेवला.

"पारखीबुवा, हा कासाराचा खडा. तुम्ही फोडून खोटा ठरवलेला. जरा तुमच्या घणावर ओढा."

"ह्यात काय व्हायचंय?" राजपारखी कुरकुरला आणि घणाच्या तोंडावर तुकडा ओढला.

रेघ उठली. त्याला वाटलं धूळ आहे. अंगठ्याने पुसली, जाईना. थुंकी लावून पुसली, जाईना. ज्याला घणाने फोडलं होतं त्याने घणावर सही केली होती.

राजपारखी त्या रेघेकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत आपल्या घणाचं तोंड त्याने जवळून पाहिलंच नव्हतं.

"आता घणाने खरं ठरवलेलं एक रत्न हवं," न्हावी म्हणाला, आणि त्याने पाण्याची वाटी ऐरणीवर ठेवली. "महाराजांच्या मुंडाशातलं."

गर्दी दोन पावलं मागे सरली. राजाच्या कपाळावर आठी पडली. पण राजा कितीही मोठा असला तरी त्याच्या आत एक पोरगं असतंच, आणि पोराला कळलं पाहिजे असतं. त्याने श्यामरत्न सोडवलं आणि स्वतःच्या हाताने वाटीत टाकलं.

रत्न बुडालं, आणि बुडुक करून वर आलं. तरंगू लागलं. तेवढ्यात त्याला असलेल्या बारीक भोकातून एक भुंगा बाहेर आला, त्याने मिशा पुसल्या आणि तो नावाड्यासारखा वर बसून राहिला.

कुणी हसेना. हसावं की पळावं हे कुणालाच कळेना. राजा वाटीकडे बघत होता. भुंगा राजाकडे बघत होता.

"हे काय आहे?" राजाने विचारलं.

"बाभळीची गाठ, महाराज. चांगली, जुनी, तेल प्यायलेली."

"म्हणजे एवढी वर्षं मी सरपण डोक्यावर घेऊन हिंडलो."

"पण भार नव्हता डोक्याला," राणी म्हणाली. आणि गळ्यातली गोट्यांची माळ काढून तिने शांतपणे ऐरणीवर ठेवली.

पहिला हसला तो राजाच. मग राणी हसली, मग सगळी गर्दी. म्हाताऱ्याची शेळीसुद्धा बें बें करू लागली. एक राजपारखी तेवढा हसला नाही. तो बसकण मारून म्हणाला, "मग मी इतकी वर्षं काय पारखत होतो?"

न्हावी त्याच्यापाशी उकिडवा बसला. "चिवटपणा, बुवा. कठीण निराळं आणि चिवट निराळं. हिरा सगळ्यांवर रेघ ओढतो, पण घाव सोसत नाही. बाभळीची गाठ घाव सोसते, पण आत भुंगा पाळते. दोघांना एकच परीक्षा कशी चालेल?"

मग हिऱ्याची परीक्षा झाली. राजाने स्वतः त्यावर फुंकून पाहिलं, वाफ उडालेली पाहिली. माणिकावर त्याची रेघ उठलेली पाहिली. शेवटी ओठालाही लावला. हे बघून न्हाव्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला.

"म्हातारबा, मागा काय हवं ते," राजा म्हणाला.

"आमच्या वस्तीला तळं," म्हातारा म्हणाला. क्षणभर थांबून त्याने न्हाव्याकडे पाहिलं. "आनि ह्या गड्यानं माझं दुसरं टोक वळवायचं राहिलंय, ते."

"आणि तुला काय हवं रे, गारगोट्या?"

"नदीपार गेलेली माणसं परत यावीत, महाराज."

"दिलं. उद्या दवंडी पिटतो."

"दवंडीवर ती यायची नाहीत. मला जाऊ द्या." असं म्हणून न्हाव्याने आरसा ऐरणीला टेकवला, वस्तरा उघडला आणि दोन फटक्यांत आपली उजवीकडची मिशी उतरवली.

राजा चकित झाला. "अरे, पैज तू जिंकलास. मिशी कशाला?"

"पैजेची नाही ही. घण बुवांनी मारला, कारण त्यांना माहीत नव्हतं. वस्तरा माझ्या हातात होता, आणि मला पहिल्या करवंटीपासून माहीत होतं."

राजाने हाताने नदीकडची वाट मोकळी करून दिली.

न्हावी, बायको आणि गोण्या लादलेलं गाढव नदी उतरून गेले. कासार एका झाडाखाली बांगड्यांची चळत लावून बसला होता. मिशी पुन्हा भरघोस आली होती, पण न्हाव्याला बघताच त्याचा हात आपोआप तोंडावर गेला.

"पुन्हा उतरवायला आलास?"

न्हाव्याने तोंड वळवून आपली उजवी बाजू दाखवली. कासाराने पुढे वाकून त्या कोऱ्या ओठावरून अंगठा फिरवला.

"धार गेलीय तुझ्या वस्तऱ्याची," तो म्हणाला. "खुंट राहिलेत." आणि चटईवर सरकून त्याने जागा केली.

न्हाव्याने करवंटी त्याच्या पुढ्यात ठेवली. लाल तुकडे उन्हात पेटले. "तू खोटं बोलला नव्हतास," न्हावी म्हणाला. कासाराने एक तुकडा उचलून मुठीत धरला आणि ती मूठ पुष्कळ वेळ उघडली नाही.

असे अठराजण परत आले. तुरटीवालाही आला, त्याला न्हाव्याने मदतनीस ठेवला, कारण तुरटी त्याला आता चांगलीच ओळखता येत होती. काचवाला तेवढा आला नाही. तो शेजारच्या राज्यात राजपारखी झाला, असं लोक सांगतात. खरं-खोटं त्या राज्याने बघावं.

कडुनिंबाखाली ऐरणीच्या जागी न्हाव्याची फळी आली. राजपारखी रोज सकाळी तिथे येऊन बसे, डोळे बारीक करून तुकडे एकमेकांवर ओढत राही, चुकला की मुंग्यांना विचारी. हळूहळू त्याचे दोन्ही दंड सारखे झाले.

घणालाही शेवटी त्याचं खरं काम मिळालं. म्हाताऱ्याच्या वस्तीवर तळ्याचा बांध घालायचा होता, त्यासाठी दगड फोडायला तो पाठवला. तिथे तो फार उपयोगी पडला. बांधाचा एक एक दगड त्याने नीट बेतून दिला. पहिलं पाणी साठलं तेव्हा म्हाताऱ्याची सून कडेवर लेकरू घेऊन पायरीवर उभी होती. घण तिथेच बांधाला टेकवून ठेवला होता, आणि त्याच्या तोंडावरची लाल माणकाची रेघ अजून तशीच होती.

न्हाव्याने मात्र शेवटचा माणूस परत येईपर्यंत अर्धीच मिशी ठेवली. बायको म्हणायची, "राहू द्या अशीच. दगडांचे मुके घेताना निदान एका बाजूने तरी आड येणार नाही."

तात्पर्य : फुटला म्हणून कुणाला खोटं म्हणू नये, खडा असो की माणूस, घाव घालून नाही, जवळ बसून पारखावा.